आडवा हात

आमच्या साडभाऊंइतका माणसाला जेवू घालणारा, आणि जेवू घालता घालता त्याचा जीव मेटाकुटीला आणणारा गृहस्थ पांढरकवड्यापासून यवतमाळपर्यंत दुसरा सापडणार नाही, हे मी कुठल्याही पैजेवर सांगायला तयार आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हैदराबादकडे जाणाऱ्या हायवेला लागून त्यांचं टायरचं दुकान आहे आणि दिवसभर ते त्यात बसलेलेही असतात, पण टायर विकणं ही त्यांची पोटाची सोय झाली. जीव रमायचा तो वाढण्यात. तालुक्यात लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, यजमानाची तयारी व्हायच्या आत साडभाऊ मांडवात हजर. अंगात बनियन, कमरेला घट्ट आवळलेला टॉवेल आणि हातात कढीची बादली. त्यांना कुणी वाढायला सांगितलेलं असायचंच असं नाही, पण त्यांच्या हातातून बादली काढून घेण्याची कुणाची छाती नव्हती. ती बादली आपल्या रांगेकडे वळली की अनुभवी माणसं घाईघाईनं पाण्याचा पेला तोंडाला लावायची. तरी सुटका नव्हती. साडभाऊ समोर उभे राहून पाणी संपायची शांतपणे वाट पाहायचे.

पंगतीत नको म्हणताना पानावर हात आडवा धरतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. साडभाऊंनी या आडव्या हाताचं एक शास्त्रच बसवलं होतं. वाढपी आला की पहिल्यांदा जो हात पानावर येतो तो वळणाचा. त्याच्याकडे बघायचं नाही, बाजूनं वाढायचं. पुढच्या फेरीला येतो तो लाजेचा, त्यात अर्धी पळी तरी घालायचीच. माणूस दोन्ही हात पसरून, छातीनं पान झाकून ओणवा झाला की तो नकार खरा. तोही मानायचा, पण एक चमचा तुपानंतर. "जो पयल्या हाताले पाहून मागं फिरला तो वाढपी नाई जी, तो पोस्टमन होय," असं ते म्हणायचे. आणि वाढपी दिसताच जो स्वतःहून पान पुढं करतो, हात म्हणून आडवा धरतच नाही, तो त्यांच्या लेखी अगदीच बिनवळणाचा. अशा घरात पोरगी देताना विचार करावा, इतपत त्यांची मजल जायची. मी पडलो जन्माचा कमी खाणारा. आमच्या घराण्यात पित्त आहे. मी नको म्हणतो तेव्हा मला खरोखर नको असतं, ही साधी गोष्ट मी त्यांना इतकी वर्षं समजावत आलो आणि ते ती पोळीबरोबर मला परत वाढत आले.

त्यांची माझी पहिली ओळखच मुळी या हातानं झाली. माझ्या लग्नात थोरले जावई या नात्यानं ते जातीनं वाढत होते. मी नवरदेव, सकाळपासून मुंडावळ्या आणि धूर यांनी डोकं धरलेलं, पोटात कावळे नव्हतेच. मी पत्रावळीवर सरळ हात ठेवला. वर मान करून पाहिलं तर एक धिप्पाड, हसतमुख मनुष्य पळी घेऊन उभा. "नवरदेवाचा हात आमी जमेत धरत नसतो," असं म्हणून त्यांनी उकळती कढी माझ्या बोटांवरून भातात सोडली. मी ओरडलो. सासरे धावत आले, लागलं का म्हणून विचारू लागले. साडभाऊ म्हणाले, "लागलं असन थोडंसं, पण माणूस उपाशी त नाई उठला." आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये पुढच्या सगळ्या फोटोंत माझं एक बोट मलम लावून पांढरंशुभ्र दिसतं. ते बोट पाहून माझी बायको अजून हसते.

असा माणूस स्वतः जेवायला बसला की पाहण्यासारखं असायचं. मागून खाणं ही गोष्ट त्यांच्या आयुष्यात नव्हती. 'भाजी दे' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नाहीत. भाजी समोर यावी, त्यांनी हात आडवा धरावा, 'घ्या ना, घ्या ना' असं कुणीतरी म्हणावं, मग 'तुमी ऐकतच नाई' असा चेहरा करून त्यांनी ती भरपूर खावी, असा सगळा मामला. ताई, म्हणजे त्यांची बायको, टीव्हीवरच्या मालिकेत डोळे खुपसूनही न चुकता आग्रह करायची. एकदा तिचा घसा बसला, आवाजच फुटेना. साडभाऊ आडवा हात धरून बसलेले, ताई हातवारे करतेय, पण शब्द नाही म्हणून यांचं काही जमेना. शेवटी वैतागून तिनं वरणाची पळी ताटाच्या कडेवर दाणदाण आपटली. त्या आग्रहानं ते इतके खूश झाले की तिचा घसा सुटल्यावरही पुढं काही दिवस त्यांना पळीच हवी होती. हायवेवरच्या ढाब्यावर गेलं तरी हेच. शेजारच्या बाजेवर बसलेल्या कुठल्या तरी अनोळखी ट्रकवाल्या सरदारजींच्या ताटात ते आपल्या हातानं वांग्याचं भरीत वाढून यायचे. त्यांनी हात आडवा धरला की साडभाऊ आनंदानं मला ओरडून सांगायचे, "पाहा भाऊ, पंजाबातबी वळण हाये!"

या सगळ्या विद्येला वारस एकच, त्यांची लेक. एवढीशी होती तेव्हापासून ती तुपाचं भांडं घेऊन पंगतीत बापाच्या मागं मागं फिरायची. तिचा डोळा बापापेक्षाही तयार होता. कुणाचा हात वळणाचा, कुणाचा लाजेचा आणि कुणाचा खरा, हे तिला रांगेच्या टोकावरून कळायचं. एकदा भर पंगतीत तिनं ओरडून सांगितलं होतं, "बाबा, त्या टोपीवाल्या काकांचा हात खोटा हाये, त्याईले जिलबी पायजे!" पंगत हसली, काकाही हसले, आणि जिलबी त्यांनी खाल्ली. साडभाऊ ही गोष्ट दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. टायर बदलून होईपर्यंत माणसाला ती दोनदा ऐकावी लागे.

म्हणूनच बारावीनंतर तिनं पुण्याला जाऊन हॉटेलातला स्वयंपाक शिकायचा असं जाहीर केलं, तेव्हा त्यांना आनंद व्हायला हवा होता. झालं उलटंच. "लोकाईले जेवू घालनं हे धरमाचं काम," ते म्हणाले, "त्याचे पैसे घेतले त मंग रायलं काय?" मी माझ्या परीनं समजावून पाहिलं. त्या दिवशी जेवताना लेक नेहमीसारखी तुपाचं भांडं घेऊन आली, तेव्हा साडभाऊंनी दोन्ही हात पसरले, छातीनं ताट झाकलं आणि ओणवे झाले. त्या घरात हे कधीच कुणी पाहिलं नव्हतं. ताई पोळी हातात घेऊन तशीच उभी राहिली. ते उठून गेले ते सरळ दुकानात. पुढं राग निवळला, त्यांनी स्वतः फी भरली, बसस्टँडवर सोडायला गेले, तिच्या शेजारच्या सीटवरच्या बाईला जबरदस्तीनं चिवडा खायला लावला. पण त्या दोन हातांबद्दल बापलेकीत नंतर कधी बोलणं झालं नाही. व्हायला हवं होतं, असं मला आता फार वाटतं.

ती शिकली आणि पुण्यातल्याच एका हॉटेलात लागली. तिकडे हल्ली अशी हॉटेलं गल्लोगल्ली निघाली आहेत. फार महागडी नाहीत, कॉलेजातली आणि कंपन्यांतली पोरंपोरी सहज जातात. खायला आपलंच असतं, फक्त ओळखू येणार नाही अशा वेषात. लेकीनं तिथं आपल्याकडची पातोडी नेली होती. बेसन शिजवून थापायचं, वड्या पाडायच्या आणि झणझणीत रश्शात सोडायच्या, ही आपली रोजची पातोडी तिनं काहीतरी नवीन करून मेनूत घातली होती आणि ती चालतही होती, असं ताईच्या फोनवरून आमच्या कानावर यायचं. साडभाऊ ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. पण माझे डोळे दाखवायला मला पुण्याला जायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात आधी त्यांची बॅग भरून झाली. "भाऊंच्या डोळ्यात थेंब टाकतेत, त्याईले दिसत नाई, एकट्याले कसं धाडाचं?" असं ते ज्याला त्याला सांगत होते. माझे डोळे त्यांच्या मनात कुठंच नव्हते, हे मला थेंब न टाकताही दिसत होतं.

पुण्याला पोचल्यावर त्यांनी एक वेगळीच टूम काढली. लेकीच्या हॉटेलात जाऊन तिची अब्रू जायला नको, म्हणून आधी तसल्याच दुसऱ्या हॉटेलांत जाऊन सराव करायचा. मी दवाखान्यातून बाहेर पडलो की आम्ही सरावाला निघायचो. एका ठिकाणी थालीपीठ काळ्या फरशीच्या तुकड्यावर आलं. साडभाऊंनी फरशी उचलून खाली काही वाढलंय का ते पाहिलं. दुसरीकडे भरीत भाजलेल्या पावावर बसून आलं, आणि वरण चहाच्या किटलीतून. तिसरीकडे मसालेभाताची एक टुमदार वडी पाडून तिच्यावर कोथिंबिरीचं एक पान उभं केलं होतं. "हे चाखाले देल्लं असन," ते मला हळूच म्हणाले, "जेवन मागून येते." मागून बिल आलं. पण त्यांचा उत्साह कमी झाला नाही. पलीकडच्या टेबलावर गळ्यात कंपनीची पट्टी घातलेली एक मुलगी एकटीच जेवत होती. साडभाऊंनी आपला दहीवडा उचलून तिच्या बशीत अर्धा वाढला. तिनं हसत बशीवर हात धरला, आणि त्यांनी बोटांच्या बाजूनं उरलेला अर्धाही सरकवला. मी मान खाली घालून बसलो. जाताना ती मुलगी आमच्या टेबलाशी थांबली आणि म्हणाली, "काका, तुम्ही इथं रोज येता का?" तिच्या विचारण्यात थट्टा नव्हती. साडभाऊंना पुणं त्या क्षणी आवडून गेलं.

नाही म्हणायला एक धोक्याची खूण तिथंच मिळाली होती. एका हॉटेलात बसल्या बसल्या वेटर इवल्याशा ग्लासांतून पन्हं घेऊन आला. साडभाऊंनी वळणाप्रमाणे हात आडवा केला, तोंड दुसरीकडं फिरवलं. थोड्या वेळानं पाहतात तो माझ्यापुढं ग्लास, त्यांच्यापुढं काही नाही.

"गेला?" त्यांनी विचारलं.

"गेला."

"येईन पलटून."

"साडभाऊ, इथं नाही येत. इथं नको म्हणजे नको."

त्यांना ते पटलं नाही. "त्या पोट्ट्याले शिकवनारं कोनी भेटलं नसन," ते म्हणाले. "आपल्या पोरीच्या हॉटेलात असं नाई होत. तिले म्या शिकवलं हाये." पुन्हा ग्लास मागवून घेऊ म्हटलं तर त्यांनी मान हलवली. माझ्या ग्लासातलं अर्धं पन्हं मी त्यांना पाजलं, अर्थात दोनदा आग्रह करून.

लेकीच्या हॉटेलात जायच्या दिवशी त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नाही. चहासुद्धा अर्धा टाकला. इस्त्रीचा शर्ट घातला, नवा रुमाल घेतला. शनिवारची संध्याकाळ होती, हॉटेल गच्च भरलेलं. स्वयंपाकघर काचेच्या मागं होतं आणि काचेतून लेक दिसत होती. पांढरा कोट, डोक्याला फडकं, एका हातात कढई आणि दुसऱ्या हातानं कुणाला तरी काही सांगणं चाललेलं. आम्हाला पाहून तिनं हात केला, थांबा अशी खूण केली, पण तिला बाहेर येणं शक्य दिसत नव्हतं. साडभाऊ तिच्याकडे एकटक पाहत होते. "सगळ्याईले आपली पोरगीच सांगून राह्यली," ते म्हणाले. भिंतीवर तिच्या पातोडीचं नाव खडूनं लिहिलं होतं, ते त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं.

तेवढ्यात काळा एप्रन घातलेला दाढीवाला वेटर एक खोलगट वाटी घेऊन आला. लालभडक रस्सा, त्यात पातोडीच्या नीट कापलेल्या वड्या, वर ज्वारीचा कुरकुरीत पापड. वास आमच्या घरचा होता. "शेफनी खास तुमच्यासाठी पाठवलंय, सर," तो म्हणाला आणि वाटी साडभाऊंसमोर ठेवायला वाकला.

आता साडभाऊंनी काय करायला हवं होतं ते मी आणि तुम्ही सांगू शकतो. पण त्यांचा जन्म ज्यात गेला तेच त्यांनी केलं. इतका आनंद झाल्यावर सभ्य माणूस जे करतो तेच. त्यांनी बशीवर हात आडवा धरला, मान दुसरीकडं वळवली आणि म्हणाले, "अरे नाई नाई, कायले, पोट भरलं हाये."

"शुअर सर? काही हरकत नाही," वेटर नम्रपणे म्हणाला, आणि वाटी घेऊन गेला.

साडभाऊ तसेच बसून राहिले, मान वळवलेली, हात बशीवर, दुसऱ्या फेरीची वाट पाहत. काचेपलीकडं वाटी परत गेली. वेटर लेकीच्या कानाशी काही बोलला. तिनं मान वर करून आमच्याकडं पाहिलं. मग वाटी बाजूला सरकवली आणि पुन्हा कढईकडं वळली. मी वेटरला हाक मारायला उठलो, तर साडभाऊंनी माझं मनगट घट्ट पकडलं. "मागून खाऊ? पोरीच्या दारात?" त्यांनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते वाटीकडंच पाहत होते. नंतर आम्ही काहीतरी मागवलं, काय ते मला आठवत नाही. त्यांनी दोन घास खाल्ले.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. घामाघूम झालेली, घाईत. बापाच्या पाया पडली, माझ्या पडली.

"जेवले बाबा?"

"हाव, मस्त."

"पातोडी परत आली."

"पोट भरलं होतं ना वं."

मी म्हणालो, "अगं, त्या वेटरनं दुसऱ्यांदा विचारलंच नाही." ती हसली, पण ते गिऱ्हाइकापुढं हसायचं हसणं होतं. "इथं दुसऱ्यांदा नाही विचारत, मावसाजी. लोकांना आवडत नाही. नाही म्हटलं की नाहीच समजतो आम्ही." साडभाऊंनी मान डोलावली, एखादी नवीन गोष्ट नीट ध्यानात ठेवावी तशी. आतून कुणीतरी हाक मारली आणि ती गेली. लॉजवर येऊन आम्ही ताईनं दिलेले धपाटे खाल्ले. त्यांच्या पानात मी धपाटा ठेवला तेव्हा त्यांनी हात धरला नाही, आणि मलाच चुकल्यासारखं झालं.

पुढं वर्षभरात तिला दुबईकडच्या एका मोठ्या हॉटेलातून बोलावणं आलं. जाण्याआधी ती आठवडाभर पांढरकवड्याला आली. मी आणि बायकोही गेलो. आता तरी ती पातोडी खायची, हे साडभाऊंच्या मनात असल्याचं मला पक्कं ठाऊक होतं, कारण त्यांनी स्वतः बाजारात जाऊन बेसन आणलं होतं आणि ओट्यावर तिच्या नजरेसमोर ठेवलं होतं. त्यांचं मागणं एवढ्यावरच थांबायचं. दोन दिवस बेसन तिथंच बसून राहिलं. तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे जेवत असताना ताईच म्हणाली, "कर ना वं तुही ते हॉटेलातली पातोडी. आमाले त खाऊ दे."

"राहू दे आई," लेक ताटात पाहत म्हणाली, "बाबांना कुठं आवडते."

हा आडवा हात होता. एकच, वळणाचा, पहिल्या फेरीचा. आयुष्यभर या शास्त्राला वैतागलेल्या मला तो दिसला, ताईला दिसला, माझ्या बायकोला दिसला. आम्ही तिघंही साडभाऊंकडं पाहू लागलो. सबंध तालुक्याच्या बोटांवर ज्या माणसानं कढी ओतली, त्याला आता फक्त 'कर वं' एवढं म्हणायचं होतं. लेक घास हातात धरून थांबली होती. साडभाऊंनी तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाले, "बरं. जशी तुही मर्जी." लेकीनं घास तोंडात घातला आणि जेवण पुढं सुरू झालं.

अंगणात हात धुताना मी त्यांच्यावर खरंच चिडलो. "साडभाऊ, एकदा म्हणायचं होतंत की!" त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तिनंच त सांगतलं जी," ते म्हणाले, "दुसऱ्यांदा इचाराचं नसते म्हनून. तिले वाईट वाटलं असतं." पुण्यात ते पांढरकवड्याचं वळण घेऊन गेले आणि पांढरकवड्यात पुण्याचं वळण त्यांनी पाळलं. दोन्ही वेळा लेकीचा मान राखायला म्हणून. ती गेली. बेसन ताईनं झुणक्याला लावलं.

ती गेल्यावर काही दिवसांनी तिचा माझ्या बायकोला फोन आला. इकडची तिकडची चौकशी झाली, आणि मग ती एकदम म्हणाली, "मावशी, एक विचारू? मावसाजी त्या दिवशी बाबांच्या शेजारीच होते ना. मी काचेतून, इतक्या लांबून पाहत होते. बाबांचा एक हात होता का दोन, मला कळलंच नाही." बायकोनं मला विचारलं, मी एक म्हणालो, तिनं तसं सांगितलं. मग ती इतकंच म्हणाली, "मग बाबा नंतर बोलले का नाहीत?" मी हे सगळं पांढरकवड्याला जाऊन साडभाऊंना सांगितलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी आपला उजवा हात उलटा करून पाहिला, मग सुलटा. "एकच होता जी," ते म्हणाले, "आन् तिले नाई दिसला." त्यानंतर त्यांनी मला चहा मागवला आणि तो घ्या म्हणून आग्रह केला नाही.

आता बापलेक फोनवर बोलतात. ती तिकडच्या गरमीचं सांगते, हे इकडच्या. जेवलीस का, जेवले का, हे विचारून होतं आणि दोघंही हो म्हणतात. माझे डोळे पुन्हा दाखवायला आम्ही पुण्याला गेलो तेव्हा त्यांनी मला ओढत लेकीच्या जुन्या हॉटेलात नेलं. वाटभर ते म्हणत होते, "या वक्ती म्या मांगतो, पाहा तुमी." बसल्या बसल्या त्यांनी दाढीवाल्याला बोलावून, घसा खाकरून, आयुष्यात पहिल्यांदा मागितलं, "पातोडी आना." त्यानं मेनू बदलल्याचं सांगितलं. ती त्या मॅडमची डिश होती, त्यांच्यानंतर कुणाला तशी जमली नाही. साडभाऊ म्हणाले, "बराबर हाये," आणि जे आलं ते खाल्लं. भिंतीवर खडूनं दुसरंच काही लिहिलं होतं.

परवा यवतमाळला माझ्या मुलाचं लग्न झालं. मुलाला बुफे हवा होता, मी पंगतीचा हट्ट धरला. कशासाठी, ते बायकोला न सांगता कळलं. मला वाटलं होतं साडभाऊ टॉवेल आवळून पुढं होतील. ते झाले नाहीत. भाड्यानं आलेले वाढपी होते, टोप्या घातलेले. साडभाऊ भिंतीकडेच्या पानावर बसले, दोन्ही हात मांडीवर. आलूवांग्याची भाजी आली, "वाढा" म्हणाले. भात आला, "वाढा" म्हणाले. हात आडवा धरला नाही, त्यामुळं आग्रह करायची वेळच आली नाही, आणि वाढपी एकेकदा वाढून पुढं निघून गेले. पान अर्धं रिकामं होतं. ते रिकाम्या बाजूकडं पाहत बसले होते, आणि पंगतीत मागायचं तर त्यांना अजून येत नव्हतं.

मला राहवलं नाही. मी, ज्यानं जन्मात पंगतीत कुणाला पाण्याचा पेलाही पुढं केला नाही, त्यानं एका वाढप्याच्या हातून कढीची बादली घेतली. वाफा येत होत्या. साडभाऊंच्या समोर जाऊन उभा राहिलो. "साडभाऊ, कढी!" मी चांगला ओरडून म्हणालो. त्यांनी वर पाहिलं, ओळखीचं हसले. त्यांचा उजवा हात मांडीवरून उठला, पानाच्या अर्ध्या वाटेपर्यंत आला, तिथं थांबला, आणि पुन्हा मांडीवर जाऊन बसला. "वाढा जी," ते हळूच म्हणाले. इतक्या वर्षांनी त्यांच्या बोटांवर कढी ओतायची माझी पाळी आली होती, आणि पानावर हातच नव्हता. मी भाताच्या कडेनं हळू हळू कढी वाढली, आणि एक पळी झाल्यावर, त्यांना न विचारता, दुसरी वाढली.